हिवाळी परीक्षा आणि मागचे तीन कडुनिंब

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहिण्याची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या जवळचा आहे, अगदी खिडकीबाहेरचा!

गेल्या डिसेंबरची गोष्ट. थर्ड सेमची हिवाळी परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवसांत वर्ध्याला रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि उन्हाळ्याची सवय असलेल्या आपल्याला तेवढी थंडीही पुरते. त्यात डोक्यावर मॅथ्सचा बॅक. माझी खिडकी समोरच्या विंगच्या भिंतीकडे उघडते. दार लावून, पांघरूण घेऊन दिवसभर बसायचं, एकच पान तीनदा वाचायचं आणि काही डोक्यात शिरत नाही म्हणून रडायचं, असं चाललं होतं. मेसला जाणंही बंद झालं. घरी फोनवर मात्र, "अभ्यास मस्त चाललाय, आई."

तेव्हाच माझ्या आत्येबहिणीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त फिनलंडला, हेलसिंकीत असते. माझा आवाज ऐकूनच तिनं विचारलं, "आज बाहेर पडलीस का?"

"ताई, थंडी आहे गं."

त्यावर ती जी हसली! हेलसिंकीत डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो. पण शहराच्या मधून सुमारे १० किलोमीटर लांबीचं, जंगलच म्हणावं असं सेंट्रल पार्क जातं. त्यातल्या वाटांवर दिवे आहेत. ऑफिस सुटल्यावर लोक अंधारात, बर्फातही तिथे चालतात. ताई म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात मी पण तुझ्यासारखीच दार लावून बसले होते. मग एकच नियम केला. आवडो न आवडो, रोज थोडा वेळ झाडांत जायचं."

'आवडो न आवडो' हे शब्द डोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाल गुंडाळून होस्टेलच्या मागे गेले. तिथे तीन कडुनिंब आहेत. वॉचमनकाकांची शेकोटी पेटलेली होती. मला अजिबात मजा आली नाही. तरी परीक्षा संपेपर्यंत रोज गेले. बॅक सुटला. झाडांमुळे सुटला असं मी म्हणणार नाही, तो गणितं सोडवल्यामुळे सुटला. पण गणितं सोडवायला बसता आलं, हे खरं.

आपण इंजिनियर! 'बरं वाटलं' एवढ्यावर आपलं समाधान कसं होणार? म्हणून सुट्टीत थोडं वाचलं.

अमेरिकेतल्या रॉजर उलरिच यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले पेशंट सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पण त्यांनी फक्त मे ते ऑक्टोबरमधले पेशंट निवडले होते, कारण हिवाळ्यात तिथली झाडं उघडीबोडकी असतात. मग हिवाळ्याचं काय?

त्याचं उत्तर २००८ मध्ये मार्क बर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळालं. मिशिगनच्या एन आर्बर शहरात त्यांनी विद्यार्थ्यांना साधारण ५० मिनिटं चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या बागेत आणि एकदा गजबजलेल्या रस्त्यांवर. आधी आणि नंतर आकडे ऐकवून ते उलट्या क्रमानं सांगायला लावले. बागेतून आल्यावर स्मरण आणि एकाग्रता सुमारे २० टक्क्यांनी सुधारली, रस्त्यावरून आल्यावर विशेष फरक नाही. गंमत पुढे आहे. जानेवारीच्या कडाक्यात चाललेल्यांना ते चालणं उन्हाळ्यात चाललेल्यांइतकं आवडलं नव्हतं, तरी फायदा तेवढाच झाला! ताईचं 'आवडो न आवडो' असं सिद्ध झालं म्हणायचं.

असं का होत असावं? रेचल आणि स्टीफन कॅप्लान यांच्या मते लक्ष दोन प्रकारचं असतं, एक मुद्दाम लावलेलं आणि दुसरं सहज लागलेलं. पुस्तकावर मुद्दाम लावलेलं लक्ष थकतं, फुल लोडवर चालवलेली मोटर तापावी तसं. पानांची हालचाल, पक्षी, उन्हाचे कवडसे यांच्यावर लक्ष आपोआप जातं, आणि तेवढ्यात मोटर थंड होते.

थंड देशांत झाडं उघडीबोडकी आणि सूर्यही दुर्मिळ, तरी लोक बाहेर पडतात. आपला कडुनिंब डिसेंबरात हिरवागार असतो. तो पानं गाळतो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आणि उन्हाळी परीक्षेपर्यंत पुन्हा पालवतो. ऊन तर भरपूर. मग आपल्याला सबब कुठली?

सेवाग्राम तर आपल्याजवळच. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आश्रमात आजही उभा आहे. त्याच्याजवळच प्रार्थनेची जागा आहे, उघड्या आभाळाखाली. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. रोज ज्या सावलीतून जायचं ती गेली की माणसाच्या आतलं काही जातं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता छोटं प्रॅक्टिकल. सेसिल कोनाइनेंडाइक या वृक्षतज्ज्ञांनी २०२१ मध्ये '३-३०-३००' हा नियम मांडला: खिडकीतून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा आणि घरापासून ३०० मीटरच्या आत बाग असावी. आज आपापल्या खोलीतून मोजून बघा. माझं निरीक्षण: खिडकीतून झाडं शून्य, पण ७० पावलांवर कडुनिंब तीन. ज्या दिवशी पांघरुणातून उठवत नाही, त्या दिवशी माणूस ७० पावलं जाऊ शकतो. दोन किलोमीटर नाही.

एक सांगायलाच हवं. झाड म्हणजे औषध नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जाता जाता सर, मॅडम आणि ऑफिसमधल्या सर्वांना एक विनंती. गाड्यांचं स्टँड मागच्या बाजूला वाढवायचं आहे आणि हे तीन कडुनिंब आड येतात, असं कानावर आलं आहे. स्टँड हवंच, माझीही स्कूटी पावसात भिजते. पण ते पूर्वेच्या कुंपणालगत एका ओळीत बसू शकतं. मी आणि सिव्हिलच्या दोन मैत्रिणींनी टेप लावून मोजलं आहे. ड्रॉइंग तयार आहे, कधीही बोलवा, घेऊन येऊ.

कारण येत्या डिसेंबरात आणखी कुणीतरी दार लावून बसलेली असेल. तिला सांगायला आपल्याकडे ती ७० पावलं शिल्लक हवीत.