दादींची मशेरी

सलमा सातवीत शिकते. तिचा धाकटा भाऊ अनीस सहा वर्षांचा आहे. एके दिवशी सकाळी सलमाला तो मोरीजवळ बसलेला दिसला. बोटाने तो दातांना काहीतरी काळे चोळत होता. शेजारी दादींची मशेरीची डबी उघडी पडली होती.

"अनीस, हे काय करतोस?"

"दादी करतात तसे करतो, आपा!"

थोड्याच वेळात अनीसला गरगरू लागले. त्याला उलटी झाली. घरातील सगळे घाबरले. अब्बांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले. सलमा आणि दादीही बरोबर गेल्या.

डॉक्टरबाईंनी अनीसला तपासले. "आता धोका नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दादींना विचारले, "मशेरी कशी करता हो?"

"तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि तिची पूड करायची. चाळीस वर्षे लावते मी. मशेरीने दात घट्ट राहतात," दादी म्हणाल्या.

"भाजली तरी ती तंबाखूच! ती लावली की तरतरी येते, म्हणून बरे वाटते. हळूहळू तिची सवय जडते. पण हिरड्या दातांपासून सुटत जातात आणि दात हलू लागतात. तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो."

दादी गप्प झाल्या. त्यांचे खालचे दोन दात हलत होते.

सलमा म्हणाली, "मी तर मशेरी लावत नाही. मग माझी दाढ का किडली?"

"रात्री झोपताना काय खातेस?"

"बिस्किटे, कधी गोळ्या. खाता खाताच झोप लागते."

डॉक्टरबाई हसल्या. "आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. गोड पदार्थांपासून ते आम्ल तयार करतात. दाताचे वरचे आवरण हाडापेक्षाही कठीण असते, पण आम्लाने ते झिजते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री जास्त नुकसान होते. सुरुवातीला दात दुखत नाही. दुखू लागतो, तेव्हा कीड खोल गेलेली असते."

"अनीसचे दात तर दुधाचे. ते पडणारच ना?" अब्बांनी विचारले.

"दुधाचे २० दात पक्क्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्यांनाही जपले पाहिजे. राखेने किंवा कोळशाने दात घासू नका. दातांनी बाटलीचे झाकण उघडू नका. हिरडीतून रक्त आले तर घासणे थांबवू नका; मऊ ब्रशने हळुवार घासा आणि डॉक्टरांना दाखवा."

"मिस्वाक चालेल का?" दादींनी हळूच विचारले.

"चालेल. टोक चावून मऊ करा. हिरडीला टोचू देऊ नका. रात्री मात्र ब्रश आणि पेस्टने दात घासा."

घरी आल्यावर दादींनी डबी उकिरड्यावर रिकामी केली. पहिले काही दिवस त्यांना फार जड गेले. त्यांचे डोके दुखे, चिडचिड होई. एकदा तर त्यांनी अब्बांना मशेरी आणायलाही सांगितले. तेवढ्यात अनीस समोर आला. त्याच्याकडे पाहून दादी म्हणाल्या, "राहू दे."

एका सकाळी दादी मिस्वाक करत होत्या. अनीस त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"दादी, मलाही एक काडी द्या ना. मी तुमच्यासारखे करणार!"

या वेळी दादींनी हसत हसत त्याच्या हातात काडी दिली.

शब्दार्थ
मोरी – भांडी, हातपाय धुण्याची जागा
तरतरी – उत्साह
जडणे – लागणे, चिकटणे
उकिरडा – कचरा टाकण्याची जागा
जड जाणे – कठीण वाटणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अनीसला उलटी का झाली?
(आ) मशेरी कशापासून करतात?
(इ) रात्री दातांचे जास्त नुकसान का होते?

२. कोण कोणास म्हणाले?
(अ) "भाजली तरी ती तंबाखूच!"
(आ) "मलाही एक काडी द्या ना."

३. 'जड जाणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.

४. तुमच्या घरी दातांना अपायकारक अशी कोणती सवय आहे? ती सोडण्यासाठी तुम्ही काय कराल? पाच वाक्ये लिहा.