पेपर कापण्याआधी

पोरी, वर्गासाठी नवा पेपर विकत घेऊ नकोस. सलूनमधला, ग्रामपंचायतीतला कालचा माग, कुणी नाही म्हणत नाही. जिल्ह्याची पुरवणी मात्र हवीच. दिल्लीच्या बातमीत पोरांच्या ओळखीचं काही नसतं; पुरवणीत आजोळचं गाव सापडतं. पानं आधी घरी चाळ आणि खून-मारामाऱ्या बाजूला काढ. श्रद्धांजलीचं पान तर वर्गात नेऊच नकोस. कात्री कुणाच्या आजोबांच्या फोटोवरून जाईल, सांगता येत नाही.

पहिलीला अक्षरं शोधून गोल करायला लाव, तेवढं पुरे. दुसरी-तिसरीला ‘र’ दे. तो भारी बहुरूपी आहे. ‘मार्केट’मध्ये डोक्यावर बसतो, ‘ग्रामसभे’त पोटात तिरपा घुसतो, ‘ट्रॅक्टर’मध्ये ‘ट’च्या पायाशी जातो आणि ‘शेतकऱ्यांना’मध्ये चौथंच रूप घेतो. आपल्या निफाडकडच्या पुरवणीत हे चारही शब्द शोधायला फार वेळ लागत नाही.

खरी मजा मथळ्यांत. तिथं क्रियापद बरेचदा गाळलेलं असतं. ‘उन्हाळी कांद्याला चांगला भाव’ एवढंच फळ्यावर चिकटव आणि विचार, पुढे काय? कुणी ‘मिळाला’ म्हणेल, कुणी ‘मिळेल’, एखादा ‘मिळावा’. तिन्ही लिहून घे. मग विचार, यातल्या कुठल्या घरात पैसे आलेत आणि कुठल्या घरात अजून वाटच बघतायत? काळ शिकवून झाला. ‘विध्यर्थ’ हा शब्द तोंडातून काढायचीही गरज नाही. चौथीतल्यांना एकच बातमी दोन पेपरांतून दे आणि मथळे शेजारी ठेव. पुढचं तीच बोलतील.

गणिताला लासलगावचा कांदा. भाव क्विंटलचा असतो, म्हणजे १०० किलोचा. समज, किमान ६५०, कमाल १,७५०, सर्वसाधारण १,५००. बाप घरी ‘पावणेदोन हजार’ म्हणतो, पेपर १,७५० छापतो. हे दोन्ही एकच, हे पोराला पहिल्यांदा इथं कळतं. मग १०० नं भागून किलोचा भाव काढायला लाव. मुंबईच्या मावशीला फोन करून तिथला भाव विचारायला सांग. वजाबाकी न सांगता होते.

एखादी चुणचुणीत पोर किमान-कमालाची बेरीज करून निम्मं करेल आणि म्हणेल, बाई, १,२०० यायला हवे होते, पेपर चुकला. तिला शाबासकी दे, पण पेपर चुकलेला नाही. सर्वसाधारण म्हणजे बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो. खराब कांद्याचं एखादंच वाहन ६५० ला जातं, म्हणून काही सगळ्यांचा भाव पडत नाही. हे समजावायला एक तास गेला तरी जाऊ दे.

बाजार बंद असला की भाव छापून येत नाहीत. त्या दिवशी क्रिकेटचा धावफलक काढ. फलंदाजांच्या धावांची बेरीज करून संघाच्या धावांशी ताडायला सांग. बेरीज कमी भरते, अवांतर धावा मिळवल्या की जुळते. षटकांशी मात्र जपून. ४.३ षटकं म्हणजे साडेचारच, पण टिंबापुढचा ३ हा चेंडूंचा, एकूण २७ चेंडू. पुढे दशांश शिकताना पोरं इथंच अडखळतात. तेव्हा चौथीला षटकं नकोतच, नुसत्या धावा दे.

आणि हो, कापायच्या आधी मागची बाजू बघ. पुढून धावफलक कापला की मागचा बाजारभाव अर्धा होतो. शाईचे हात डब्याआधी धुवून घे सगळ्यांचे.