परीक्षणात कथानक किती सांगावे?

प्रश्न : कथेचे परीक्षण लिहिताना कथानक किती उघड करावे? (एक वाचक, घनसावंगी, जि. जालना)

उत्तर : कथेचा भार कशावर आहे, त्यावर हे ठरते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत पुष्कळदा शेवटचे वळणच सारे काही असते. तिथे पात्रे, वातावरण आणि पहिला संशय एवढ्यावर थांबावे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेतला गुन्हेगार परीक्षणात जाहीर करणे हा तर वाचकावर उघड अन्याय.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (१९५५) तसे नाही. दुष्काळाने वाडी ओस पडते, हे आधी कळले तरी गोडी कमी होत नाही. या कादंबरीचे बळ माणदेशातल्या धनगरांच्या आणि त्यांच्यात राहायला आलेल्या तरुण मास्तरांच्या चित्रणात आहे. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’मधील (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१६) ग्रामीण कथांबाबतही घटनांची जंत्री देण्यापेक्षा माणसांवरचा ताण कसा वाढत जातो, ते दाखवणे मोलाचे.

लघुकथेत जपून लिहावे, कारण चार वाक्यांतच ती संपूर्ण सांगून होते. सविस्तर समीक्षालेखात मात्र शेवटाची चर्चा टाळता येत नाही. तशी सूचना आरंभीच द्यावी.