ताकदीचे खाणे आणि तंबूतली पुडी

लक्ष्मी मंडईत नवीन लग्न झालेला माणूस शेवग्याच्या शेंगा घेताना दिसला की ओळखीचे लोक गालात हसतात. शेवगा, कांदा, लसूण, उडीद, खारीक, डिंक हे सगळे आपल्याकडे ‘ताकदीचे’ समजतात. ताकद कसली, हे कोणी मोठ्याने सांगत नाही. मटणाच्या दुकानात बोकडाचे कपुरे मुद्दाम मागून घेणारेही असतात. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे एक अंगच आहे. विषय लाजेचा म्हणून आम्हीही तो टाळत आलो. पण लाजेपोटी पैसा जातो, कधी जीवही जातो.

खाण्याबद्दल आमची तक्रार नाही. शेवग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम आहे, शेंगेत ‘क’ जीवनसत्त्व आहे. उडदात प्रथिने आहेत, तशी ती आपल्या शेंगाच्या चटणीतही आहेत. अर्धपोटी राबणाऱ्याला हे रोज मिळाले तर अंगात जोम येणारच. मात्र शेंगा खाल्ल्या आणि त्याच रात्री गुण आला, असे होत नाही. कपुरे शिजले, पचले की इतर मांसासारखेच. घोरपडीच्या तेलाच्या नादी तर लागूच नका. घोरपड मारणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मग अडचण येते कशाने? ताठरपणा येण्यासाठी त्या जागी रक्त जोरात यावे लागते. साखरेचा आजार, वाढलेला बीपी, बिडी, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या खराब होतात. साखर नसाही बिघडवते. दारू आणि काळजी यांची भर वेगळी. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून छातीत दुखण्याच्या आधीच ही तक्रार सुरू होऊ शकते. चाळिशीत असे होऊ लागले तर शेवगा शोधण्याआधी साखर आणि बीपी तपासा. सिव्हिलमध्ये हे होते. बीपीच्या गोळीने फरक पडला असे वाटले तरी ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

खरी भीती आहे ती ‘शर्तिया इलाज’च्या तंबूतल्या पुडीची. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी पाट्या दिसतातच. जडीबुटी म्हणून विकलेल्या अशा औषधांत सिल्डेनाफिल हे इंग्रजी औषध गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे. पुडीने लगेच गुण आला तर संशय घ्या. हृदयरोगी सॉर्बिट्रेटसारखी गोळी जिभेखाली ठेवतात. ती आणि हे औषध एकत्र आले तर बीपी एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो.

म्हणून घरच्यांनाही सांगून ठेवतो. छातीत दुखते म्हणून कोणाला दवाखान्यात नेले आणि त्याने अशी पुडी किंवा गोळी घेतलेली असेल, तर डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. बायकोला माहीत असेल तर तिने सांगावे. नाहीतर ते नेहमीप्रमाणे जिभेखाली गोळी ठेवतील.