निकालाची वाट पाहू नका : संगणकशास्त्रातली मास्टर्स आणि पालीतली घरं

‘बी.एस्सी. झालं, नोकरीचं काही जमलं नाही, तर आता एम.एस्सी.ला टाकूया.’ जून-जुलैत पाली, हातखंबा, नाणीज पट्ट्यातल्या घराघरांत हे बोलणं चालू असतं. मुलगा किंवा मुलगी रत्नागिरीला जाऊन-येऊन शिकलेली असते. गुण बरे असतात. कॅम्पसमध्ये कंपनी आलेली नसते, आली तरी निवड झालेली नसते. आईवडिलांना घरात बसलेलं पोर बघवत नाही आणि पोराला त्यांचे प्रश्न सोसवत नाहीत. मग प्रवेश घेतला जातो तो शिकायला नव्हे, दोन वर्षं ढकलायला.

संगणकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चांगलीच गोष्ट आहे. पण कच्चा राहिलेला पाया पक्का करायचा असेल, तरच तिचा उपयोग होतो. आणि त्याचा निर्णय निकालानंतर नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच घ्यावा लागतो.

एम.एस्सी., एमसीए की एम.टेक.?

पालकांच्या मनात ही तिन्ही नावं एकाच रांगेत असतात. प्रत्यक्षात तिन्हींचे प्रवेश निराळे आणि पुढच्या वाटाही निराळ्या.

एमसीए हा व्यावसायिक अभ्यासक्रम. पूर्वी तो तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची एमसीए-सीईटी द्यावी लागते. गणित-संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आकलन आणि संगणकाची मूलतत्त्वं हे तिचे विषय. बारावीला किंवा पदवीला गणित असणं ही महत्त्वाची अट असते. ती आधी तपासा, बऱ्याच जणांचं घोडं तिथंच अडतं. एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात गणिताचा वाटा सर्वांत मोठा असतो.

एम.एस्सी. विद्यापीठाची. तिच्यात विषयाच्या मुळाशी जाण्यावर भर असतो. काही ठिकाणी प्रवेश गुणवत्तेवर होतो, तर काही विभाग स्वतःची परीक्षा घेतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची एम.एस्सी. आपल्याकडच्या मुलांना फारशी ठाऊक नसते. बी.एस्सी. झालेल्या आणि गणिताची खरी आवड असलेल्या विद्यार्थ्याने तिची प्रवेशपरीक्षा जरूर द्यावी.

एम.टेक. हा मुख्यतः इंजिनिअरांचा रस्ता आणि त्याची किल्ली म्हणजे गेट परीक्षा. पण एम.एस्सी. किंवा एमसीए झालेल्यांनाही अनेक संस्थांमध्ये एम.टेक.चा दरवाजा उघडा असतो. म्हणजे बी.एस्सी.वाल्याला आयआयटी गाठायची असेल, तर मध्ये एक मुक्काम करावा लागतो, एवढंच. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. त्या जोरावर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरची ओढाताण असेल तर ही रक्कम लहान नाही.

मुलगी आधीच संगणक शाखेची इंजिनिअर असेल, तर तिने एमसीए करण्यात अर्थ नाही. तिने एम.टेक.चा विचार करावा, नाहीतर दोन वर्षं नोकरी करून मग ठरवावं.

आणखी एक सापळा. सी-डॅकचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक हा डिप्लोमा नोकरीसाठी नावाजलेला आहे, म्हणून बी.एस्सी. झाल्या झाल्या मुलं त्याची चौकशी करतात. पण तो प्रामुख्याने इंजिनिअर आणि एमसीए-एम.एस्सी. झालेल्यांसाठी आहे. नुसत्या बी.एस्सी.वर त्याचा बेत आखू नका.

दिवाळीत ठरवायचं ते यासाठी

एमसीए-सीईटीचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. गेट फेब्रुवारीत असते, तिचे अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याअखेर सुरू होतात. ‘निकाल लागला की बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती जूनमध्ये उरल्यासुरल्या जागा लागतात.

यात पैशाचाही प्रश्न आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. पण शासकीय सवलत मिळते ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना, व्यवस्थापन कोट्यातून आलेल्यांना नाही. म्हणजे मार्चमधली एक परीक्षा चुकवली, तर नंतर पूर्ण फी भरावी लागू शकते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रं तहसीलमधून मिळायला वेळ लागतो. तीही जानेवारीतच काढून ठेवा.

दोन वर्षांत नेमकं शिकायचं काय?

‘हल्ली यूट्यूबवर सगळं मिळतं, एआय कोड लिहून देतं, मग मास्टर्स कशाला?’ हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे.

एक उदाहरण घ्या. आंबा बागायतदारांच्या एक लाख नोंदी आहेत आणि एकच मोबाइल नंबर दोनदा आला आहे का, ते शोधायचंय. सरळ मार्ग असा, की प्रत्येक नंबर बाकीच्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा. त्याला सुमारे ५०० कोटी तुलना लागतात. दुसरा मार्ग असा, की आधी सगळे नंबर क्रमाने लावायचे. त्याला साधारण १७ लाख तुलना पुरतात. मग फक्त शेजारशेजारचे नंबर पाहत जायचे, त्या आणखी लाखभर. दोन्हींचं उत्तर एकच येतं, कामात मात्र हजारो पटींचा फरक पडतो. एआय दोन्ही प्रोग्राम झटक्यात लिहून देईल. कोणता वापरायचा, नोंदी दहा कोटी झाल्यावर काय होईल, हे माणसाला कळावं लागतं.

अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि त्यांच्या तळाशी असलेलं गणित, या विषयांत मुरायला दोन वर्षं द्यायची. मुलाखतीत तेच विचारतात. जोडीला एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, फक्त परीक्षा द्यायची तर शुल्क पडतं. मास्टर्सचा प्रवेश घेण्याआधी त्यातला अल्गोरिदमचा एक अभ्यासक्रम पूर्ण करून पाहा. बारा आठवडे चिकाटीने बसता आलं, तर पुढचं झेपेल. दुसऱ्या आठवड्यातच कंटाळा आला, तर तेही वेळेत कळलं म्हणायचं.

घरून की बाहेर?

पाली मोक्याच्या तिठ्यावर आहे. हातखंब्याकडून रत्नागिरी वीसेक किलोमीटर आणि नाणीज-साखरपा-आंबा घाटाने कोल्हापूर शंभरएक. रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमीत एमसीए आहे. एसटीचा सवलतीचा पास आणि घरचं जेवण, एवढ्यात ते भागतं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग आहे आणि राहण्याचा खर्च मुंबई-पुण्याहून पुष्कळ कमी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचं नाव आहे. कंपन्याही जवळ आहेत, पण खोलीभाडं आणि मेसचा हिशेब आधी मांडावा लागतो.

नावाला भुलून निवड करू नका. कुठल्याही विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा : शेवटच्या सत्रात पूर्णवेळ इंटर्नशिप करू देता का? गेल्या वर्षीची मुलं कुठे, कोणत्या कामावर लागली? विभागात पूर्णवेळ शिक्षक किती? सरळ उत्तर मिळालं नाही, तर तेच उत्तर समजा.

परदेशाचं गणित

तीन वर्षांची पदवी अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अपुरी मानतात, त्यामुळे बी.एस्सी.वरून थेट उडी सहसा साधत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केलं. तिथल्या नोकरीच्या भरवशावर घर-बाग गहाण टाकण्याचे दिवस हे नव्हेत. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात. जॉर्जिया टेकची २०१४ साली सुरू झालेली ऑनलाइन मास्टर्स साधारण सात हजार डॉलरमध्ये होते आणि नोकरी सांभाळून घरबसल्या करता येते. अनुभव गाठीशी असलेल्यांनी तिचा विचार करावा.

पालकांचे दोन प्रश्न

प्राध्यापक होता येईल का? एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, एवढं असेल तर विज्ञान महाविद्यालयांसाठी पात्रता होते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. इंजिनिअरिंग कॉलेजचे निकष वेगळे आहेत, तिथे बी.ई.-एम.ई. मागतात.

मध्येच सोडावं लागलं तर? नव्या शैक्षणिक धोरणात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली असेल, तर एका वर्षाची मास्टर्सही करता येते.

तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी या रविवारी घड्याळ लावून सीईटीची एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. कुठे कमी पडतोय ते दीड तासात समजतं. आईवडिलांनी तेवढा वेळ शेजारच्या मुलाचं पॅकेज काढू नये. गुण कमी पडले तरी मार्चपर्यंत हातात महिने असतात. जूनमध्ये ते नसतात.