बंगळुरूहून सिंधुदुर्ग: श्रमदानाच्या सुट्टीला किती खर्च येतो?

श्रमदान फुकटचं, मग त्याला पैसे कसले, असं दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. काम फुकटच करायचं असतं. पण बंगळुरूहून मालवण गाठायला, दोन रात्री राहायला, होडीनं किल्ल्यावर जायला आणि दिवसभर कोयता चालवल्यावर पोटभर जेवायला पैसे लागतात. सिंधुदुर्गाच्या तटालगतची पायवाट मोकळी करायला मी चार वर्षं जाते आहे. एका खेपेला मला पाच हजारांच्या आसपास खर्च येतो. पहिल्या खेपेला बूट-हातमोज्यांमुळे तो सहा हजारांच्या घरात गेला होता. परदेशातही असंच आहे. अमेरिकन हायकिंग सोसायटीच्या आठवडाभराच्या पायवाट-दुरुस्तीच्या सुट्ट्यांना स्वयंसेवक नोंदणीचं शुल्क भरूनच जातात.

हिशेबाआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. सिंधुदुर्ग हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. अशा ठिकाणी आपल्या मनानं दगड हलवणं, खणणं, चुना-सिमेंट लावणं हा गुन्हा आहे. स्मारकाची हानी केली तर १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून वर्गणी पाठवण्याआधी मोहीम काढणाऱ्यांकडून परवानगीचं पत्र मागून घ्या. त्यावर तारीख, किल्ल्याचं नाव आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं हवं. मी एका वर्षी हे विचारलं नाही. एका गटाला दोन हजार आगाऊ दिले, मालवणात पोचल्यावर कळलं की परवानगीच नाही. दिवसभर फलक धरून फोटो काढले आणि परत आलो. प्रवासासकट सात हजार गेले. पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते रिकाम्या हातांनी परतण्याचं.

नोंदणीकृत संस्था पावती देते, ती मागा. सह्याद्री प्रतिष्ठान, दुर्गवीर प्रतिष्ठान अशा दुर्गसंवर्धन करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. पुढची मोहीम कुठे आहे आणि बाहेरगावच्या माणसाला घेतात का, हे त्यांना थेट विचारा. सोबत हवी असेल तर बंगळुरूतल्या मराठी मंडळींत विचारून बघा. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात मला पहिली सोबतीण भेटली. चौघीजणी असल्या की खोलीचं आणि रिक्षाचं भाडं वाटलं जातं.

आता प्रवास. मला सगळ्यात परवडतो तो बेळगावमार्गे. बंगळुरूहून रात्री निघणारी बेळगावची गाडी सकाळी पोचवते. स्लीपरचं तिकीट पावणेचारशे-चारशेच्या आसपास, एसी थ्री-टिअरचं हजाराच्या. महिलांनी शक्ती योजना विसरू नये. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांना तिकीट नाही, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. मी एकदा तशी गेले. पैसे वाचले, पाठ मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आखडलेली होती. कोयता चालवायचा असेल तर रात्रीची झोप हवीच. चारशे रुपये झोपेवर घाला.

बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ, मालवण. थेट एसटी नसेल तर सावंतवाडीला किंवा कुडाळला बदला. एका बाजूचे अडीचशे धरा. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीतल्या अंतरापुरतंच, म्हणून बेळगावपासून पूर्ण निम्मं होत नाही. विमानानं गोव्याला मोप्याला उतरून मालवणला येता येतं, पण टॅक्सीचंच भाडं माझ्या अख्ख्या खेपेच्या निम्म्याच्या वर जातं. रजा अजिबात मिळत नसेल तरच तो विचार करा.

रजा खरं तर एकच लागते. गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवारी दुपारी मालवण. शनिवार पूर्ण काम. रविवारी सकाळी अर्धा दिवस काम करून एक वाजायच्या आत बेळगावची गाडी धरायची. एसटीला पाच तास लागतात, घाटात वाहनं अडकली तर जास्त. रात्रीच्या गाडीनं निघून सोमवारी सकाळी बंगळुरू. रविवारी "अजून तासभर" म्हणत थांबलात तर रेल्वे चुकते आणि ऐन वेळी खासगी बसला दीड हजार द्यावे लागतात.

राहायला मालवणात घरगुती निवास चांगले. दोघांची खोली दिवसाला बाराशे-पंधराशेला मिळते, म्हणजे दोन रात्रींचे माणशी बाराशे ते पंधराशे. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा हेच दर दुप्पट होतात. जेवणाला अडीच दिवसांचे पंधराशे पुरतात, त्यात एक सुरमईची थाळी बसते. दुपारचं जेवण मोहिमेतर्फे असेल तर तीन-चारशे वर्गणी लागते.

होडीचं आधी ठरवा. किल्ला कुरटे बेटावर आहे, मालवणच्या धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पण प्रवासी होड्या माणसांना साधारण तासाभराची मुदत देऊन परत आणतात, आपल्याला दिवसभर थांबायचं असतं. संध्याकाळची परतीची वेळ नाखव्याशी आदल्या दिवशीच पक्की करा. जाऊन-येऊन दिवसाचे दीडशे धरा, प्रवेशाचे थोडे वेगळे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बेत आखूच नका.

बेरीज करून बघा. रेल्वे स्लीपर दोन्ही बाजूंनी आठशे, एसटी पाचशे, राहणं चौदाशे, जेवण पंधराशे, वर्गणी चारशे, होडी तीनशे, रिक्षा-मेट्रो दोनशे. पाच हजार शंभर झाले. पहिल्यांदा जाताना वर सातशे-आठशे साहित्याचे. घोटा झाकणारे जुने बूट घरात असतील तेच घाला. चामडी हातमोजे मात्र घ्याच, के. आर. मार्केटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात दीडशे-दोनशेला मिळतात. सुती हातमोजे घाणेरीच्या काट्यांपुढे टिकत नाहीत. टोपी, ओआरएसची पाकिटं, दोन लिटरची बाटली घ्या आणि निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कोयता, विळा, घमेली तिथे मिळतात, प्रवासात धारेची हत्यारं नेऊ नका.

काम काय, तेही सांगते, म्हणजे पैसे कशाला मोजतो हे कळेल. किल्ला ४८ एकरांत पसरलेला, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. पाऊस संपला की तटाच्या आतल्या वाटेवर गवत आणि घाणेरी कमरेपर्यंत चढलेली असते. दहाजणांनी सकाळभर खपावं तेव्हा शे-दीडशे पावलं वाट दिसू लागते. गवताखाली प्लास्टिकच्या बाटल्या निघतात, त्या पोत्यांत भरून होडीनं मालवणला आणायच्या. तटात रुजलेलं पिंपळाचं रोप दिसलं की नवख्याचा हात आपोआप ते उपटायला जातो. तसं कधीही करू नका. मूळ चिऱ्यांच्या सांध्यात बोटभर जाड झालेलं असतं, ओढलं की चिरा हलतो, आत पाणी शिरतं आणि पुढच्या पावसात तो दगड सुटतो. आपण जागा टिपून ठेवायची, फोटो काढायचा आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसाला द्यायचा. मला हे काम गवत कापण्याइतकंच मोलाचं वाटतं. १६६४च्या नोव्हेंबरमध्ये पायाभरणी झालेल्या या तटानं इतक्या वर्षांचा समुद्र सोसला आहे, आपल्या उत्साहानं त्याचा एक चिराही सुटता कामा नये.

एक प्रश्न मी स्वतःला दर वर्षी विचारते. हे पाच हजार तिकडेच देऊन टाकले तर? मालवणात झाडी तोडणाऱ्या जाणत्या गड्याची दिवसाची मजुरी सहाशे-आठशे धरली, तर या पैशात त्याचे सहा ते आठ दिवस होतात. त्याच्या एका दिवसात माझे दोन दिवस मावतात. पहिल्या खेपेला देणगीच जास्त कामाची ठरली असती, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाट ओळखीची झाली. कुठल्या बुरुजापाशी पाणी साचतं, कुठलं रोप गेल्या वेळी वीतभर होतं, हे आठवू लागलं. अशी नजर पैसे पाठवून तयार होत नाही. म्हणून दर वर्षी नवा किल्ला न धरता एकाच किल्ल्यावर पुन्हा जा. जाणं जमणार नसेल त्या वर्षी निःसंकोच पैसे पाठवा.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. गवत अजून ओलं असल्यानं सहज कापलं जातं आणि ऊन सोसण्याजोगं असतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे तिकिटं सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासूनच काढायला लागा. परवानगीचं पत्र मात्र त्याआधी हातात हवं.