संगणकाचें पुढचें दार बंद पडलें असतां

केंद्र सरकारनें शाळांसाठीं 'आय. सी. टी. ॲट स्कूल' ही योजना २००४ सालच्या डिसेंबरांत आरंभिली. त्यानंतरच्या वर्षांत शाळांतून, आणि हळूहळू घरांतूनहि, टेबलावरील संगणक आले. त्या पिढीचे संगणक वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या बाजूस अद्याप कोठें कोठें काम करितांना दिसतात. अशा जुन्या यंत्राची एक तक्रार मात्र वारंवार ऐकूं येते : पुढच्या बाजूस पेन ड्राइव्ह लावला तर दिसत नाहीं, मागें लावला तर दिसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस असतो, कागद पेन ड्राइव्हमध्यें असतात, आणि मग घरांत धांदल उडते. दुकानांत चौकशी केली असतां "मदरबोर्ड गेला" असें उत्तर मिळालें, कीं नवें यंत्र घेण्याची गोष्ट निघते. वास्तविक मागचें दार चालत असून पुढचें चालत नसेल, तर मदरबोर्ड गेला असें समजण्याचें सहसा कारण नाहीं. दोष बहुधा वाटेंत असतो, आणि ती वाट हातभरच लांब असते.

विद्यार्थिमित्रांनो, ही वाट कशी आहे तें आधीं पाहूं. ज्या लोखंडी पेटीस आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात (खरा सीपीयू म्हणजे आंतील लहानशी चौकोनी चकती, परंतु हें नांव आतां रूढ झालें आहे), तिच्या मागील यूएसबी पोर्ट मदरबोर्डावरच पक्के झाळलेले असतात. पुढील पोर्टांची गोष्ट तशी नाहीं. ते पेटीच्या तोंडाशीं एका लहान पट्टीवर बसविलेले असतात. तेथून एक केबल निघून मदरबोर्डावरील पिनांच्या जुडग्यावर बसते. तेथें पांच-पांच पिनांच्या दोन ओळींची जागा असते, पण एक पिन मुद्दाम गाळलेली असते. हेतु हा कीं, केबल उलटी बसूं नये. एका पोर्टास चार तारा लागतात. लाल तारेंत ५ व्होल्टचा दाब असतो, काळी तार परतीची, आणि पांढरी व हिरवी या दोन माहिती नेणाऱ्या. हे रंग बहुधा असेच असतात, तथापि कांहीं पेट्यांत निराळे आढळतात.

ही जोडणी ठरविणाऱ्यांत आपल्या देशांतील एक गृहस्थ होते, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. श्री. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे विद्यार्थी. पुढें ते अमेरिकेंतील इंटेल कंपनींत गेले. इंटेल व इतर कंपन्यांनीं मिळून यूएसबीचें पहिलें मानक १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. २००० सालच्या दुसऱ्या मानकानें वेग सेकंदास ४८० मेगाबिटपर्यंत वाढविला. आपल्या जुन्या संगणकांत बहुधा हेंच दुसरें मानक असतें.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिला नियम असा कीं, संशयित पोर्टांत कामाचा पेन ड्राइव्ह कधींहि घालूं नये. ज्यांत दहावीचें गुणपत्रक व जातीचा दाखला आहे, तो प्रयोगासाठीं नव्हे. त्यासाठीं एखादा जुना यूएसबी माउस घ्यावा. त्यास वीज थोडी लागते, आणि तो बिघडला तरी कोणी रडत नाहीं. माउस आधीं मागें लावून तो चांगला असल्याची खात्री करावी, मग पुढें लावावा. पुढील दोहोंपैकीं एकच पोर्ट बंद असेल तर दोष बहुधा त्या पोर्टाचा समजावा. दोनहि बंद असतील तर केबलीचा किंवा मांडणीचा संशय घ्यावा. पुढचे-मागचे सर्वच बंद असतील तर मात्र प्रकरण निराळें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, माउस आणि मांडणी तिन्ही एकदम बदलल्यास यंत्र चालूं लागलें तरी कशानें चाललें हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां आरंभापासून सुरुवात करावी लागते.

टॉर्चच्या उजेडांत पोर्टाच्या तोंडांत डोकावून पाहावें. आंत एक पातळ प्लास्टिकची जीभ असते व तिच्यावर चार पितळी पट्ट्या. कापसाच्या दिवसांत आपल्या गांवांतून तंतु व धूळ घरोघर उडते, ती तेथें जाऊन बसते. यंत्र बंद करून ती कोरड्या मऊ ब्रशानें काढावी. टांचणी किंवा पिन आंत घालूं नये. जीभच तुटून पट्ट्या वांकल्या असतील व बाजूच्या पत्र्यास टेकत असतील, तर यूएसबींत प्रवाह मर्यादेबाहेर गेला असा संदेश देऊन कित्येक संगणक सुरू झाल्यावर १५ सेकंदांनीं आपोआप बंद होतात. अशा वेळीं पुढील केबल मदरबोर्डावरून काढतांच यंत्र पूर्ववत् चालूं लागलें, तर मेलेला मदरबोर्ड नव्हे, पोर्टच होय, हें सिद्ध झालें.

पेटी उघडण्यापूर्वीं संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटन बंद करावें आणि पेटीची वीजतार काढावी. मग सुरू करावयाचें बटन कांहीं सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. जादा प्रवाहानें तापून अडलेला पॉलिफ्यूज निवाल्यावर पुन्हां पूर्ववत् होतो, म्हणून कांहीं वेळां एवढ्यानेंच पोर्ट जागा होतो. पेटी उघडल्यावर तिच्या उघड्या पत्र्यास हात लावावा व नंतरच आंतील वस्तूंस स्पर्श करावा. केबल पिनांवर पक्की बसली आहे काय, तिची एखादी तार निसटली आहे काय, हें पाहावें. धान्य भरलेल्या घरांत तार उंदरानें कुरतडली आहे काय, हेंहि पाहण्यास विसरूं नये.

येथें एक मोठा धोका आहे. कांहीं जुन्या मदरबोर्डांवर फायरवायर नांवाच्या दुसऱ्या जोडणीचें जुडगें अगदीं यूएसबीसारखेंच दिसतें, परंतु त्यांत १२ व्होल्टचा दाब असतो. यूएसबीची केबल चुकून त्यावर बसविल्यास पोर्ट, उपकरण किंवा मदरबोर्ड जळूं शकतो. म्हणून पिनांशेजारीं छापलेलीं अक्षरें भिंगानें वाचल्याशिवाय केबल बसवूं नये. ज्या पेट्यांत चार तारा सुट्या सुट्या असतात, त्यांतील एखादी जरी अदलाबदल झाली तरी तोच अनर्थ. त्या काढण्यापूर्वीं त्यांचें छायाचित्र घेऊन ठेवावें.

पेटीस हात लावतांच मुंग्या येत असतील, तर पोर्टाचा विचार बाजूस ठेवून आधीं अर्थिंगकडे पाहावें. वीजपुरवठ्याच्या डब्यांतून थोडा प्रवाह पत्र्यावर येतच असतो ; अर्थिंग चांगलें असल्यास तो मुकाट्यानें जमिनींत जातो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणींत घालून चालविण्याची आपल्याकडील संवय या दृष्टीनें वाईट आहे. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यांत आकसते, भेगाळते व अर्थिंगच्या पट्टीस सोडते. खड्ड्यांत कोळसा व मीठ घालून पाणी ओतण्याची रीत यासाठींच आहे, आणि वैशाखांत ती पाळणें विशेष अगत्याचें. मुलें ज्या यंत्रास हात लावतात, त्याच्या बाबतींत पालकांनीं याची हयगय करूं नये.

केबल ठीक असूनहि पोर्ट मुका असेल, तर मांडणी पाहावी. शाळांतून विषाणूंच्या भीतीनें कोणी बायोसमध्यें पुढील पोर्ट बंद करून ठेवलेले असतात. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरांत यूएसबी कंट्रोलरवर पिवळें चिन्ह दिसल्यास त्याची नोंद काढून यंत्र पुन्हां सुरू करावें, म्हणजे ती नव्यानें तयार होते.

माउस चालतो पण बाहेरची हार्ड डिस्क टकटक करून बंद पडते, असें झाल्यास पोर्ट बिघडला असें मानूं नये. दुसऱ्या मानकाच्या पोर्टानें ५०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावा असें ठरलेलें आहे. पुढील केबल बारीक व लांब असल्यानें तिच्यांत दाब थोडा घटतो, आणि भुकेल्या डिस्कला तो पुरत नाहीं. ती मागेंच लावावी.

पुढील पट्टी अगदींच गेली असेल, तर चांगली लहानशी यूएसबी एक्सटेन्शन केबल घेऊन ती मागील पोर्टांत लावावी व तिचें तोंड टेबलाच्या कडेस पट्टीनें बांधून घ्यावें.